तिसरं कोटेशन

आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही, याला कारण अण्णा.

कागदोपत्री कारण वेगळं आहे. 1983 साली ही सोसायटी उभी राहिली तेव्हा तीन मजल्यांना लिफ्ट लावणं हा पैशाचा माज समजला जाई. शिवाय तेव्हा सगळ्या सभासदांचे गुडघे शाबूत होते. पुढं कोथरूडभर पुनर्विकासाचं वारं सुटलं, आजूबाजूच्या बिल्डिंगा पडल्या आणि अकरा-अकरा मजली होऊन परत उभ्या राहिल्या. आमच्याकडं बिल्डर निवडण्याचं काम अण्णांवर सोपवलं गेलं. त्याला आता नऊ वर्षं झाली. पहिल्या वर्षी आलेल्या सात बिल्डरांपैकी दोघांनी धंदा सोडला, एक देवाघरी गेले आणि एकाचा मुलगा हल्ली वडिलांचीच फाइल काखेत मारून येतो. अण्णा त्याला चहा देतात आणि म्हणतात, ''तुमच्या वडिलांकडं एक खुलासा मागितला होता, तो अजून आलेला नाही.''

अण्णांनी चौतीस वर्षं एका सरकारी कारखान्याच्या खरेदी विभागात काढली. तिथं तीन कोटेशनांशिवाय खिळा येत नसे. इंडेंट, तीन कोटेशनं, तुलनात्मक तक्ता, शेरा, सही. निवृत्तीच्या दिवशी शाल, श्रीफळ आणि ही रीत एवढं घेऊन ते घरी आले, असं मी म्हणणार होतो. पण काकू म्हणतात, रीत आधीपासूनच होती, नोकरी नंतर लागली. ''आमच्याकडं मिक्सर आला तेव्हा मुलगा तिसरीत होता. चौकशी सुरू केली तेव्हा तो व्हायचा होता.''

अण्णा चिकट मात्र नव्हेत. चिकट माणसाला स्वस्त वस्तू दिसली की तो सुखावतो. अण्णांना स्वस्त दिसली की शंका येते आणि महाग दिसली की राग येतो. बरोबर किमतीची दिसली तर त्यांना रात्रभर झोप लागत नाही, कारण मग नाही म्हणायला काही उरत नाही.

अशा घरात बंड्या विनानिविदा आला. कॉलेजात असताना मुलानं कुणाकडून तरी दीड महिन्याचं बदामी रंगाचं लॅब्राडॉरचं पिल्लू आणलं, अण्णांच्या मांडीवर ठेवलं आणि पुढं यथावकाश न्यू जर्सीला निघून गेला. जातीची चौकशी नाही, आईबापांचे कागद नाहीत, परत करण्याची अट नाही. अण्णा हे आजही थोड्या अपराधी स्वरात सांगतात. तोवर बंड्यानं त्यांच्या पायावर डोकं टाकलेलं असतं.

त्या गोष्टीला तेरा वर्षं झाली. गेल्या पावसाळ्यात बंड्या सकाळी उठताना आधी पुढचे पाय रोवून नुसता बसायला लागला, जणू मागचा अर्धा भाग यायचा आहे आणि तो त्याची वाट बघतोय. चालताना मागच्या नखांचा फरशीवर खर्र खर्र आवाज येऊ लागला. छत्तीस पायऱ्यांचा जिना त्याला दिसायचा आणि तो आमच्याकडं बघायचा. डॉक्टर मॅडमनी एक्स-रे काढला. दोन्ही खुब्यांत संधिवात, आणि डाव्या पुढच्या कोपरातही सुरुवात. त्यांनी मेलॉक्सिकॅम लिहून दिलं, फरशीवर रबरी पट्ट्या अंथरायला सांगितल्या, चार किलो वजन उतरवायला सांगितलं आणि जिन्यासाठी लिफ्टिंग हार्नेस घ्या म्हणाल्या. अण्णांनी विचारलं, स्वतःच्या सांधेदुखीच्या आयब्युप्रोफेनच्या सहा गोळ्या शिल्लक आहेत, नोव्हेंबरात मुदत संपते, त्या चालतील का? मॅडमनी चष्मा काढला. माणसाची ती गोळी कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला विषासारखी असते, हे त्यांनी सांगितलं आणि मग अण्णा ते लिहून घेईपर्यंत थांबल्या.

वजनाच्या बाबतीत मॅडमनी आणखी एक गोष्ट सांगितली. अमेरिकेत 48 लॅब्राडॉर पिल्लांच्या जोड्या लावून जन्मभर अभ्यास केला होता, 2002 साली तो छापून आला. जोडीतल्या एकाला दुसऱ्याच्या पाऊणपटच खायला द्यायचे. पाऊणपट खाणारी कुत्री साधारण पावणेदोन वर्षं जास्त जगली आणि त्यांच्या सांध्यांची दुखणीही पुष्कळ उशिरा सुरू झाली. अण्णांनी विचारलं, ''पावणेदोन?'' मॅडम म्हणाल्या, ''थोडं जास्तच.'' त्या संध्याकाळपासून काकूंच्या हातची तूप लावलेली पोळी बंद झाली. माझ्या माहितीत अण्णांनी अर्ध्या मिनिटात घेतलेला हा एकमेव निर्णय. तेराव्या वर्षी पाऊणपट सुरू करून ती पावणेदोन वर्षं मिळत नसतात, हे सांगायला मी गेलो नाही.

हार्नेसचं मात्र भिजत घोंगडं पडलं.

मी खालच्या मजल्यावर राहतो आणि मला नाही म्हणता येत नाही, या दोन पात्रतांवर माझी तांत्रिक समितीत निवड झाली. पहिली बैठक मापांची. छातीचा घेर पुढच्या पायांच्या मागून, कमरेचा घेर मागच्या पायांच्या पुढून, आणि पाठीची लांबी मानेच्या मुळापासून शेपटीच्या मुळापर्यंत. अण्णांनी आधी पोलादी टेप आणला. तो सुटून खटकन परत गेला तेव्हा बंड्या दिवाणाखाली गेला आणि बैठक अर्धा तास तहकूब झाली. मग काकूंनी शिवणाचा टेप दिला. अण्णांनी माप घेतलं, मी घेतलं, काकूंनी घेतलं. तीन आकडे आले. अण्णा तिघांची सरासरी काढायला लागले. काकू म्हणाल्या, ''सरासरी कुत्रा नाहीये आपला, हा आहे.'' शेवटी वहीत नोंद झाली: 'छाती, श्वास आत घेतलेला 82 सेंमी, सोडलेला 79 सेंमी, श्वान सहकार्य करीत नाही.'

पट्टा आणि अंग यांच्यामध्ये दोन बोटं जातील इतकी जागा ठेवा, असं सगळेच सांगतात. अण्णांचं घोडं तिथं अडलं. ''बोटं कोणाची? स्पेसिफिकेशनमध्ये बोट हे माप नसतं.'' त्यांनी स्वतःची दोन बोटं मोजली, साडेतीन सेंटिमीटर भरली. माझी मोजली, चार. दुकानदाराची वेगळी असणार. वहीत एक पान बोटांवर गेलं.

बंड्याचं वजन मॅडमच्या काट्यावर 34 किलो होतं. कुत्रा उभा असताना साधारण साठ टक्के भार पुढच्या पायांवर असतो, चाळीस मागच्या. म्हणजे मागच्या बाजूला तेरा किलो सहाशे ग्रॅम. हा आकडा काढल्यावर अण्णा खूश झाले. आकडा दशांशात आला की त्यांना प्रश्न निम्मा सुटल्यासारखा वाटतो.

पहिलं कोटेशन कर्वे रस्त्यावरच्या एका दुकानाचं आलं. हा प्रकार म्हणजे झोळी: पोटाखालून जाणारी गादीदार पट्टी आणि दोन बाजूंना दोन बंद. किंमत 1150. मागचे पाय तेवढे लटपटत असतील तर झोळी उत्तम. घालायला सोपी, काढायला सोपी. पण बंड्या नर. झोळी नेमकी जिथं येते तिथंच त्याचं ते, आणि खाली पोचेपर्यंत त्याला धीर निघत नाही. अण्णा दुकानात गेले. काउंटरवर एक मुलगी होती. अण्णांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, मग त्यांना शासकीय मराठी सापडली: ''उपभोक्ता नर असल्याकारणाने वस्तूच्या मध्यभागी पुरेशी मोकळी जागा असणे आवश्यक आहे.'' मुलगी आत बघून ओरडली, ''दादा, शूसाठी कट असलेलं आहे का रे?'' सगळं दुकान वळून बघायला लागलं.

दुसरं कोटेशन पूर्ण हार्नेसचं, 3400. छातीला एक भाग, कमरेला एक भाग, मधे जोडणारा पट्टा आणि वर दोन हँडलं. मुलानं न्यू जर्सीहून कळवलं की, तिकडं असंच 'हेल्प एम अप' नावाचं मिळतं, पाठवू का? शंभर डॉलरच्या वर. अण्णांनी रुपये करून बघितले आणि मुलाला आशीर्वाद दिला. मधेच मी एक डोंगर चढणाऱ्या कुत्र्यांचं हार्नेस शोधून काढलं, पाठीवर एकच भक्कम हँडल असलेलं. अण्णांनी चित्र दूर धरून पाहिलं. ''हे हँडल खांद्यांच्या मागं आहे. यानं उचललंत तर पुढचा कुत्रा वर येईल. आपला मागचा कुत्रा आजारी आहे.'' या माणसाचं डोकं चालतं यात वाद नाही. ते थांबत नाही एवढाच त्रास.

दुसऱ्याचा नमुना त्यांनी चार दिवसांच्या बोलीवर घरी आणला आणि भारचाचणी जाहीर केली. थेट बंड्यावर नको, आधी निर्जीव वस्तूवर. घरगुती गॅसचा भरलेला सिलिंडर तीस किलोच्या आसपास भरतो. आतला गॅस 14.2 किलो, बाकी लोखंड. खात्री म्हणून रद्दीवाल्याच्या काट्याला लावला, तर तो चोवीस भरला. अण्णांना त्यात गॅसविषयी काही शंका आली नाही, रद्दीविषयीची जुनी शंका तेवढी फिटली. उरलेल्या वजनासाठी दोन नारळ आणि साखरेचा डबा बांधला.

तर त्या सकाळी मी वर गेलो तेव्हा हॉलच्या मधोमध लाल सिलिंडर हार्नेस घालून उभा होता. छातीचा पट्टा गळ्याशी, कमरेचा पट्टा बुडाशी, बकलं लावलेली, दोन बोटांची जागा सोडलेली. बंड्या रबरी पट्टीवर बसून त्याच्याकडं टक लावून बघत होता. मग मी मागचं हँडल धरलं, अण्णांनी पुढचं, आणि आम्ही सिलिंडरला फिरायला नेलं. छत्तीस पायऱ्या खाली. पेरूच्या झाडाशी अण्णा सवयीनं थांबले. छत्तीस पायऱ्या वर. हे तीन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी जिन्यात नेमका गॅसवाला भेटला, खांद्यावर कुणाचा तरी सिलिंडर घेऊन. त्यानं आमच्या सिलिंडरकडं पाहिलं, पट्ट्यांकडं पाहिलं, भिंतीला चिकटून वाट दिली आणि काही विचारलं नाही. पुण्यात हा धंदा करून त्याला बरीच वर्षं झाली असावीत.

चाचणी यशस्वी झाली, म्हणजे सिलिंडरला कुठं काचलं नाही. बंड्याला मात्र बगलेत काचेल का, ओलं झाल्यावर पट्टा कडक होईल का, बकल डाव्या हातानं उघडेल का, असे नवे रकाने तक्त्यात वाढले. आणि तिसरं कोटेशन अजून आलंच नव्हतं.

या सगळ्या काळात बंड्या रोज दोनदा खाली जात होता, हे लिहायचं राहिलंच. त्याला काकू नेत होत्या. मॅडमनी हार्नेस येईपर्यंत टॉवेलची झोळी करा म्हणून सांगितलं होतं. काकूंनी सोलापुरी चादर घेतली, लांबीत चौपदरी केली, मागच्या पायांच्या पुढून पोटाखालून घातली आणि दोन्ही टोकं वर हातात धरली. सकाळी सहा वाजता त्यांचा आवाज जिन्यातून येई, ''चल रे बाळा, एक. आता दोन.'' चादर पोटाकडं सरकायची, कधी भिजायची. गच्चीवर रोज एक सोलापुरी चादर वाळत असे आणि दुसरी कामावर. मी म्हटलं, ''काकू, मला हाक मारत जा.'' त्या म्हणाल्या, ''तुम्ही सिलिंडर फिरवून दमलेले असता. ह्यांचं टेंडर निघेपर्यंत बंड्यानं कळ काढायची कशी? त्याला शू लागते.''

चादरीनं भागतंय मग हार्नेस हवंच कशाला, असं मला काही दिवस वाटत होतं. पण काकूंचं वय बहात्तर, त्यांना वाकून धरावं लागे, आणि बंड्याचं पुढचं कोपर दुखायला लागलं की चादरीचा काही उपयोग नसे. मॅडमनी एकदा मला फोनवर बजावलं होतं, ''त्याला उचलायचं नाहीये हो. हात द्यायचाय. चालू दे त्यालाच, नाहीतर आहेत ते स्नायूही जातील.'' हे मी अण्णांना सांगितलं. त्यांनी 'हात देणे' याची क्षमता किलोमध्ये किती धरायची असं विचारलं.

ऑक्टोबरातली एक रात्र. साडेदहा वाजून गेले असतील. काकू बहिणीकडं गेल्या होत्या, आणि अण्णा चादर घेऊन एकटेच बंड्याला खाली नेऊन आणत होते. मी कचऱ्याची बादली बाहेर ठेवायला दार उघडलं तर जिन्यातला दिवा गेलेला. वरच्या वळणावर कुणीतरी बसलेलं दिसलं. बंड्या अकराव्या पायरीवर पुढचे पाय पसरून बसला होता. वर जाईना, खाली येईना. त्याच्या शेजारी, त्याच पायरीवर, अण्णा. चादर दोघांच्या मांडीवर पसरलेली. अण्णा हलक्या आवाजात त्याला काहीतरी समजावत होते. मला वाटलं रामरक्षा म्हणताहेत. नीट ऐकलं.

''…दोन आलीत रे. दोन आलीत. तिसऱ्याला स्मरणपत्र घातलंय. दोनांवर देता येत नाही, हरकत निघते मग. तुला कोण हरकत घेणार म्हणा. पण रीत असते…''

बंड्यानं जांभई दिली. मी बादली ठेवून पुढं झालो. आम्ही दोघांनी त्याला वर नेलं, चादरीत घेऊन, आणि कोणी कोणाला आकडा विचारला नाही. दारात अण्णा म्हणाले, ''उद्या सकाळी दहाला मोकळे आहात का?''

दहाला आम्ही दुकानात होतो, दुसऱ्या कोटेशनवाल्या. अण्णांच्या काखेत फाइल होती पण ती त्यांनी उघडली नाही. काउंटरवरच्या मुलाच्या एका कानात ते गाणी ऐकायचं बोंडूक होतं. अण्णांनी हार्नेस उलटं करून शिलाई बघितली, बकल डाव्या हातानं तीनदा उघडलं, बगलेचं अस्तर गालावर घासून पाहिलं. मग म्हणाले, ''बिल करा.''

मी आजवर त्यांच्या तोंडून हा शब्द ऐकला नव्हता, त्यामुळं मला वाटलं ते 'चहा' म्हणाले.

''3400, काका.''

अण्णांनी घासाघीस केली नाही. ''वॉरंटी?''

''सहा महिने. शिलाईची.''

''दोन वर्षं करा.''

''कंपनी देत नाही, काका. टिकेल हो पण, दहा वर्षं काही होत नाही याला.''

''टिकण्याचा प्रश्न नाही. मला दोन वर्षं लिहून पाहिजे. जादा किती?''

जादा किती! मुलानं कानातलं काढलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी कुत्र्यांच्या बिस्किटांच्या बरणीकडं पाहत राहिलो.

''वय काय म्हणालात त्याचं?''

''तेरा. डिसेंबरात चौदा.''

मुलानं बिलबुक पुढं ओढलं, कार्बन सारखा केला आणि छापील अटींच्या खाली बॉलपेननं लिहिलं: दोन वर्षे वॉरंटी. जादा काही लावलं नाही. अण्णांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला, ती ओळ दोनदा वाचली आणि बिल परत त्याच्यापुढं सरकवलं.

''तारीख घाला,'' ते म्हणाले. ''आणि शिक्का.''